पतंग आमचा, दोरा कोणाचा?

संक्रांतीस पतंग उडविणे हा नवाबी छंद, देवळाशी बांधलेल्या घरांस तो शोभत नाही, असे बीदर-कलबुर्गीकडील आमच्या समाजातली काही वडीलधारी मंडळी अजूनही म्हणतात. हे दोन्ही जिल्हे १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली होते, १९५६ मध्ये ते म्हैसूर राज्यात आले; हैदराबादचा वारा येथल्या छतांवर खेळला, हे आम्ही नाकारीत नाही. ‘पेच’ हा शब्दच मुळी फारसी. पण म्हणून पतंग परका ठरत नाही.

झरणी नृसिंहाच्या दर्शनास बीदरला जाणाऱ्यांनी तेथल्याच नानक झिरा गुरुद्वाऱ्यातही जावे. ज्या ग्रंथापुढे तेथे मस्तक नमविले जाते, त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. रामकली रागातल्या एका पदात कागद आणून पतंग करणारा पोर येतो. तो सवंगड्यांशी गप्पा मारतो, पण चित्त दोरीपाशी ठेवतो. भक्ताचे मन तसे असावे, असा दृष्टान्त. त्या पदात पतंगास ‘गुडी’ म्हटले आहे, आणि पंजाबीत ‘गुड्डी’ आजही रूढ आहे. ज्या खेळाने नामदेवांस भक्ती समजावून देता आली, तो खेळ अधार्मिक कसा?

मात्र हाच दाखला पुढे करून नायलॉनच्या मांज्यास ‘परंपरा’ म्हणणाऱ्यांशी आमचे खरे भांडण आहे. खळ व काचेची पूड लावलेला जुना सुती मांजाही निरुपद्रवी नव्हता. बोटे त्यानेही कापली. पण ताण पडताच तो तुटे. नायलॉन तुटत नाही, कुजत नाही. झाडाखांबांत महिनोन्‌महिने लोंबत राहतो, घारी-घुबडांचे पंख चिरतो, आणि दुचाकीवरून येणाऱ्याच्या गळ्यावर सुरीसारखा फिरतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली. तरी मागितला की दुकानाच्या आतल्या खोलीतून तो निघतोच, आणि मागणारे आपणच असतो! सकाळी तिळगूळ वाटून दुपारी मुलाच्या हाती हा फास देणाऱ्यांनी कोणता सण साजरा केला?

देवस्थानांच्या विश्वस्तांस आमची विनंती नव्हे, मागणी आहे: मंदिराच्या आवारात व जत्रेत नायलॉन मांजा विकणाऱ्यास जागा देऊ नये, आणि हे संक्रांतीच्या आधी फळ्यावर लिहावे. ओळख पटत नसेल तर दोऱ्याच्या टोकास काडी लावावी. सुताची राख होते. नायलॉन वितळून त्याचा गोळा होतो.