हार्ट चालू झालं, मग आता व्हेंटिलेटर कशाला?

"हार्ट चालू झालं ना डॉक्टर? मग अजून व्हेंटिलेटर कशाला, बिल वाढवायला?" उल्हासनगरच्या कॅम्पांपासून बदलापूरपर्यंत हा प्रश्न कायम ऐकतो. बिलाचा राग समजतो, आयसीयूचे दर मलाही खटकतात. पण त्या रागात दुसऱ्याच दिवशी पेशंट हलवायचा हट्ट धरलात, तर नुकसान तुमच्याच माणसाचं आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण ऑक्सिजन तो २० टक्के वापरतो आणि साठा काहीच ठेवत नाही. हृदय थांबलं की काही मिनिटांत पेशींतली ऊर्जा संपते. ऑक्सिजनविना साखर अर्धवट वापरली जाते, लॅक्टिक अ‍ॅसिड साचतं. सीपीआरने हृदय सुरू झालं की रक्त पुन्हा धावतं, आणि गंमत अशी (गंमत कसली म्हणा!) की परत आलेलं हेच रक्त उपाशी पेशींना आणखी इजा करू शकतं. अंगभर दाह सुरू होतो, बीपी पडतं. सोव्हिएत डॉक्टर व्लादिमिर नेगोव्स्की यांनी १९७२ मध्येच याला स्वतंत्र आजार म्हटलं होतं. हृदय चालू होणं ही त्या आजाराची सुरुवात असते.

"डायबेटिस नाही, मग शुगर २८० कशी? चुकीचं सलाइन लावलं!" बहुतेक वेळा तसं नसतं. अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स लिव्हरमधून साखर बाहेर काढतात आणि इन्सुलिनला शरीर दाद देत नाही. ही शुगर साधारण १४० ते १८० मध्ये ठेवायची. फार खाली ओढली तर मेंदू पुन्हा उपाशी. म्हणून "अशक्तपणा आलाय, ग्लुकोज चढवा" असा आग्रह धरू नका. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, नातेवाइकांच्या समाधानासाठी ती बाटली टांगू नका. ऑक्सिजनही 'फुल' नको, ९४ ते ९८ टक्के पुरे.

ताप मात्र येऊ द्यायचा नाही, कारण तापात मेंदूची ऊर्जेची मागणी वाढते. पूर्वी अशा पेशंटना मुद्दाम थंड करत. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ३३ अंशांपर्यंत थंड केलेले आणि फक्त ताप रोखलेले, यांच्या जगण्यात सहा महिन्यांनी फरक दिसला नाही. म्हणजे मुंबईच्या महागड्या यंत्रावाचून अंबरनाथच्या छोट्या आयसीयूतही हे काम होतं, लक्ष मात्र चोवीस तास हवं.

अँजिओग्राफीसाठी हलवावं लागलं, तर तो निर्णय डॉक्टरांचा, आणि तोही व्हेंटिलेटर असलेल्या अ‍ॅम्ब्युलन्समधून. भाच्याच्या गाडीतून नाही.

आणि पहिल्याच रात्री "शुद्ध नाही, आता काही उपयोग नाही" असं कुणी सांगितलं, मग तो डॉक्टर का असेना, तर लगेच मान डोलावू नका. अजून बेशुद्ध असलेल्या पेशंटच्या मेंदूचा अंदाज किमान ७२ तासांनंतर, झोपेच्या औषधांचा अंमल उतरल्यावर, एकाहून अधिक तपासण्या करून बांधायचा असतो. तोवर आयसीयूच्या दारात रोज तीन गोष्टी विचारा: ताप किती, शुगर किती, लॅक्टेट उतरतंय का?