मशीन गावात आले, मेकॅनिक तालुक्यालाच राहिला

धुण्याचे मशीन ही आता खेड्यात अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. सोयाबीनचे किंवा उसाचे पैसे हाती आले की दिवाळीच्या तोंडावर टेम्पोतून खोकी उतरताना दिसतात. जुलै 2018 मध्ये या मशीनवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. हप्त्यांची सोयही गावापर्यंत पोचली. खेड्यात जास्त करून दोन टबांचे अर्धस्वयंचलित मशीन घेतले जाते, आणि ते रास्तच आहे. त्याला चोवीस तास नळाचे पाणी लागत नाही, बादलीने पाणी ओतले तरी भागते.

अडचण सुरू होते ती मशीन बंद पडल्यावर. विक्री गावापर्यंत आली, दुरुस्ती मात्र तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला राहिली. मेकॅनिकला बोलवायचे तर येण्या-जाण्याचा आकार आधी द्यावा लागतो, आणि बिघाड अनेकदा त्या आकारापेक्षा स्वस्त असतो. मग मशीन पडवीत पडते, त्याच्यावर खताची रिकामी पोती रचली जातात, आणि घरची बाई पुन्हा धुण्याच्या दगडाशी जाऊन बसते. हा प्रश्न एका घराचा नाही. गावात आलेल्या प्रत्येक यंत्राचा आहे. म्हणून शेतीच्या पानावर त्याची चर्चा करतो आहे.

घरचाच अनुभव

दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आमच्या मशीनचा सुकवणीचा टब फिरेना. नुसता घुंऽऽ असा आवाज यायचा. मेकॅनिक आला, वरूनच पाहिले आणि म्हणाला, "साहेब, मोटार गेली. नवी टाकावी लागेल." किंमत ऐकून मी गप्प बसलो. पाच आठवडे मशीन तसेच राहिले. पावसात कपडे वाळेनात, आणि मी मात्र बांधावर शेतकऱ्यांना यांत्रिकीकरणाचे फायदे सांगत फिरत होतो.

शेवटी आमच्या गल्लीतल्या, विहिरीच्या मोटारी बांधणाऱ्या माणसाला बोलावले. त्याने प्लग काढला, मागचे झाकण उघडले, टब हाताने फिरवून पाहिला. टब मोकळा फिरत होता. "मोटार चांगली आहे, कंडेन्सर गेलाय," म्हणाला. शे-दीडशे रुपयांत काम झाले.

पण खरी गोष्ट पुढे आहे. झाकण लावताना त्याने विचारले, "ही हिरवी वायर कुणी तोडली?" ती मीच तोडली होती. आमच्या न्हाणीजवळच्या बोर्डात तीन पिनांचा प्लग बसत नव्हता म्हणून मी दोन पिनांचा लावला होता. घरातून मला दोनदा सांगून झाले होते, "अहो, मशीनला ओला हात लागला की मुंग्या येतात." मी म्हणालो होतो, "तुला भास होतो." तो भास नव्हता. अर्थिंग तुटलेले होते आणि पत्र्यात करंट उतरत होता. श्रावण-भाद्रपदाच्या ओलीत काय झाले असते याचा विचार आजही नको वाटतो. घरची दुरुस्ती करावी, पण कशी करू नये हेही मी तेव्हाच शिकलो.

विहिरीवर जे येते ते घरात का नाही?

आपला शेतकरी यंत्राला भिणारा नाही. मोटार घुमते पण उचलत नाही म्हटले की पहिल्यांदा कंडेन्सर बघावा, हे त्याला ठाऊक असते. पट्टा सैल झाला, बेअरिंग वाजते, फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, ही सगळी दुखणी त्याच्या ओळखीची आहेत. दोन टबांच्या मशीनमध्ये याहून वेगळे काही नाही. दोन लहान मोटारी, दोन कंडेन्सर (काही मशीनांत दोन्ही एकाच डबीत असतात), एक पट्टा, दोन घड्याळी बटणे आणि पाणी सोडायची एक रबरी झडप. सर्वसाधारण बिघाड असे असतात.

पाणी जात नाही किंवा थांबत नाही : धुण्याच्या टबात कडेला जाळीदार झाकण असते, त्यामागे रबरी झडप. तिच्यात धागे, बटण, नाणे, सुपारीचे खांड अडकते. झाकण काढून साफ करावे. झडप साफ असूनही पाणी गळत असेल तर बटणापासून झडपेपर्यंतचा पट्टा ताणला गेला आहे का, रबर फाटले आहे का, ते बघावे.

धुण्याची चकती फिरत नाही, मोटारीचा आवाज मात्र येतो : चकतीखाली रुमाल, मोजा किंवा नाणे अडकलेले असू शकते. मधला स्क्रू काढला की चकती वर उचलून येते. तिथे काही नसेल तर खालचा पट्टा सैल झालेला किंवा तुटलेला असतो. पट्टा नेताना त्यावरचा नंबर लिहून न्यावा.

सुकवणीचा टब फिरत नाही : आधी झाकण नीट बसले आहे का बघा. झाकणाखाली एक स्विच असतो, झाकण उघडे असले तर तो मोटार बंद ठेवतो. झाकण लावले की एक तार ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. तार तुटली किंवा सैल झाली तर ब्रेक धरलेलाच राहतो आणि मोटार घुमते. झाकण लावून, प्लग काढलेला असताना, टबाची हालचाल मोकळी नसेल तर ब्रेकचा दोष समजावा. मोकळी असूनही मोटार घुमत असेल तर संशय कंडेन्सरवर.

मशीन पूर्ण बंद : मोटारीला दोष देण्याआधी बोर्ड, प्लग आणि वायर बघा. खेड्यात या बिघाडाचे मोठे कारण उंदीर. मशीनच्या तळाला जाळी नसेल तर उंदीर आत शिरतात, वायरी आणि पट्टा कुरतडतात. धान्याच्या पोत्यांशेजारी मशीन ठेवूच नये, आणि तळाला जाळी बसवून घ्यावी. ही दुरुस्तीपेक्षा स्वस्त गोष्ट आहे.

हात कुठे थांबवावा

कुठलेही झाकण उघडण्याआधी प्लग बोर्डातून काढलाच पाहिजे. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण खेड्यातल्या कितीतरी बोर्डांत बटण न्यूट्रलवर जोडलेले असते आणि फेज चालूच राहते. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये भार शिल्लक असतो. वायरमन बल्ब-होल्डरच्या दोन वायरी त्याच्या टोकांना लावून तो उतरवतात, ते काम माहीतगाराकडूनच करून घ्यावे. नवा कंडेन्सर जुन्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडचाच आणि तेवढ्याच व्होल्टचा हवा. मोठा घातला म्हणजे जोर वाढतो, ही समजूत मोटार जाळते.

मोटारीची वाइंडिंग, सर्किटचे पान असलेली पूर्ण स्वयंचलित मशीन आणि हीटर यांना घरी हात लावू नये. वॉरंटीतले मशीनही उघडू नये, कंपनी पुढे हात वर करते. मोटारीची वॉरंटी लांब मुदतीची असली तरी मेकॅनिकच्या भेटीचा आकार अनेकदा त्यात धरलेला नसतो. तो कागद घेतानाच वाचून ठेवावा.

अर्थिंगबद्दल तर कुणी कानाडोळा करू नये. तीन पिनांचा प्लग, चालू स्थितीतला अर्थिंगचा खड्डा आणि घराच्या मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा गळती-प्रतिबंधक स्विच, एवढे झाले तर अंगावर बेतणारा प्रसंग बव्हंशी टळतो. अर्थिंगची वायर नळाच्या पाइपाला बांधणे किंवा न्यूट्रलला जोडणे म्हणजे संकटाला घरात बोलावणे आहे.

दोष नेहमी मशीनचाच नसतो

बंद पडलेल्या मोटारींचा गुन्हेगार कित्येकदा खांबावर असतो. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. 230 च्या जागी 170 व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज साधारण चौथ्या हिश्शाने कमी होते, पण जोर शंभरावरून पंचावन्नावर येतो. कपडे तेवढेच, जोर निम्मा. मोटार अडते, तापते आणि जळते. नियमाप्रमाणे घरगुती पुरवठ्यात 6 टक्के खाली-वर इतकीच सूट आहे, म्हणजे 216 ते 244 व्होल्ट. संध्याकाळी गावात दिवे मिणमिणत असतील तर मशीन लावू नये, दुपारी लावावे. आणि सरपंचांनी ट्रान्सफॉर्मरवरचा भार वाढल्याची लेखी तक्रार वीज कंपनीकडे करावी. घरोघरी स्टॅबिलायझर घेण्यापेक्षा ट्रान्सफॉर्मर बदलणे गावाला स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट पाण्याची. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत आहे. आपल्याकडच्या कित्येक बोअरचे पाणी जड आहे. अशा पाण्यात साबणाचा चिकट थर झडपेवर आणि टबाच्या कडांना बसतो. महिन्यातून एकदा लिंबाच्या फुलांचे, म्हणजे सायट्रिक ॲसिडचे पाणी फिरवून टब धुवावा.

आणि मशीनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे काय? ते रोज एकाच नारळाच्या किंवा लिंबाच्या बुडात सोडलेले मी पुष्कळ ठिकाणी पाहतो. धुण्याच्या पावडरीत सोडियम असते. काळ्या जमिनीत ते साठले की माती चोपण होते, पाणी मुरत नाही आणि झाड पिवळे पडते. पावडरीचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे, शेवटच्या खळबळणीचे पाणी झाडाला चालेल, तेही झाडे बदलून.

दुरुस्तीचा हक्क : कागदावर काय आहे?

आता धोरणाकडे वळू. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली आणि त्या वर्षीच्या 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू केले. त्यात चार क्षेत्रे धरली आहेत : शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने. शेतीची अवजारे त्यात आहेत हे आपण ध्यानात घ्यावे. आज मशीनच्या झडपेबद्दल जे बोलायचे तेच उद्या पॉवर टिलरच्या आणि फवारणी ड्रोनच्या सुट्या भागांबद्दल बोलायचे आहे. पुढे वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे याचा निर्देशांक ठरवण्यासाठी दुसरी समिती झाली, तिने मे 2025 मध्ये अहवाल दिला.

बाहेरच्या देशांत हे काम पुढे गेले आहे. फ्रान्सने 2021 मध्ये दुरुस्ती-सुलभतेचे गुण वस्तूवर छापायला लावले, त्यात धुण्याचे मशीन पहिल्या यादीत होते. युरोपीय संघाने मार्च 2021 पासून या मशीनचे ठरावीक सुटे भाग किमान 10 वर्षे मिळालेच पाहिजेत असा नियम केला. अमेरिकेत ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करू द्या म्हणून शेतकरी भांडले आणि कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये तसा कायदा केला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 साली, सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून 14 मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता. म्हणजे तत्त्व आपल्यालाही नवे नाही. उणीव आहे ती पाठपुराव्याची. पोर्टलवरची माहिती गावातल्या मिस्त्रीच्या हातात पडत नाही, आणि सुटा भाग तालुक्याच्या दुकानात मिळत नाही, तोवर तो हक्क शहरापुरताच राहणार.

तरी हातात काहीच नाही असेही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय मुंबईत असो की दिल्लीत. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही, मुदत दोन वर्षांची. मात्र पावती आणि मेकॅनिकच्या बिलाचा कागद हवा. खतांची पावती जशी जपून ठेवा म्हणून आम्ही सांगतो, तशीच ही.

गावाने काय करावे

येत्या ग्रामसभेत तीन गोष्टींचा विचार व्हावा असे वाटते. पहिली, गावात मोटारी बांधणारा किंवा आयटीआय झालेला एखादा तरुण असतोच. त्याला घरगुती उपकरणांचे शिक्षण मिळावे म्हणून ग्रामपंचायतीने जवळच्या आयटीआयकडे मागणी करावी. बचत गटातल्या बायकांना त्यात घ्यावे. मशीन रोज त्या वापरतात, त्यातला फरक त्यांनाच आधी कळतो. दुसरी, चार-पाच गावांत मिळून पट्टा, कंडेन्सर, झडप असे नेहमी लागणारे भाग एका दुकानात ठेवावेत. तिसरी, पावसाळ्यापूर्वी अर्थिंग तपासणीचा एक दिवस ठेवावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आणि वायरमनने मनावर घेतले तर एका दिवसात एक वस्ती होते.

मशीन बंद पडले म्हणजे घरातल्या एका माणसाचे रोजचे दोन तास बंद पडतात, आणि तो माणूस बहुधा तक्रार करत नाही. विहिरीवरची मोटार बंद पडली की आपण रात्री बॅटरी घेऊन धावतो. घरातल्या मोटारीसाठी निदान दिवसाउजेडी तरी झाकण उघडून बघू या. आधी प्लग काढून.