कबुतरखाना झाकला, दम्याचे काय?

मुंबईच्या हवेचा प्रश्न २०२५मध्ये वारंवार न्यायालयात गेला. जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि त्यावरून मोठा वाद झाला. दोन्ही वेळी मुद्दा श्वसनाच्या आरोग्याचाच होता. अशी पावले गरजेची आहेत. पण दम्याच्या रुग्णाचा त्रास तेवढ्याने थांबत नाही.

एक तर कबुतरांची विष्ठा आणि पिसांमुळे फुफ्फुसांना येणारी ॲलर्जिक सूज हा दम्याहून वेगळा आजार आहे. दुसरे म्हणजे, दमा चाळवणारे कारण प्रत्येकाचे वेगळे असते आणि ते बरेचदा घरातच सापडते. गादी-उशांतील धुळीचे सूक्ष्म किडे, झुरळे, पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवरची बुरशी, उदबत्ती, डासांची कॉइल, फोडणीचा धूर, विडी-सिगारेट. याशिवाय साधी सर्दी, थंड हवा आणि काहींना वेदनाशामक गोळ्याही बाधतात.

आपले कारण ओळखायला वही पुरते. महिनाभर रोज लिहा: त्रास कधी, कुठे झाला, त्याआधी काय केले, रात्री जाग आली का, तातडीचा पंप किती वेळा घेतला. झाडू मारल्यावर, की कॉइल लावल्यावर, हे त्यातून दिसू लागते. मग ओल्या फडक्याने पुसणे, चादरी-अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुणे असे नेमके उपाय करता येतात.

दमा आटोक्यात आहे का, हे चार प्रश्नांवरून कळते. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का? दम्याने रात्री जाग आली का? तातडीचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? कामे अडली का? एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर डॉक्टरांना वही दाखवा.

खरी उणीव उपचारात आहे. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, तर मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक. आपल्याकडे अनेक जण फक्त तातडीच्या पंपावर दिवस काढतात. त्याने श्वासनलिका मोकळी होते, आतली सूज तशीच राहते. म्हणूनच ‘जीना’ या जागतिक तज्ज्ञगटाने २०१९पासून केवळ त्या पंपावर अवलंबून राहू नये, असे सांगितले आहे. सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडचा पंप नियमित घ्यावा लागतो. त्याची ‘सवय लागते’ ही भीती निराधार आहे. औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. पंप घेतल्यावर चूळ भरावी आणि बरे वाटले म्हणून तो स्वतःहून बंद करू नये.

बोलताना धाप लागली, ओठ निळसर झाले किंवा पंपाने आराम पडला नाही, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.