पीएचडीच्या प्रबंधात 10 टक्के साम्य चालतं. पण मग संशोधन खरं आहे, हे कोण तपासतं?

समजा, भूम तालुक्यातल्या खवा भट्ट्यांवर कोणी पीएचडी करतंय. 200 भट्टीचालकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आहे. संशोधक 40 जणांना भेटतो आणि उरलेले 160 फॉर्म घरी बसून स्वतःच भरतो. प्रबंध तयार होतो. सॉफ्टवेअर 4 टक्के साम्य दाखवतं. म्हणजे कागदोपत्री सगळं ठीक!

उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातली अडचण खरी आहे. कॉपी पकडण्याचे नियम आपल्याकडे आहेत. खोटी माहिती पकडणं मात्र त्या आकड्याच्या आवाक्याबाहेर आहे.

नियम काय सांगतो?

यूजीसीनं 2018 मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियमावली आणली. भूमची महाविद्यालयं ज्या विद्यापीठाखाली येतात, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठासह देशभरातल्या विद्यापीठांसाठी ती आहे. त्यानुसार प्रबंधात:

- 10 टक्क्यांपर्यंत साम्य: शिक्षा नाही
- 10 ते 40 टक्के: जास्तीत जास्त 6 महिन्यांत दुरुस्ती करून पुन्हा सादर करायचा
- 40 ते 60 टक्के: सुधारित प्रबंध 1 वर्ष सादर करता येत नाही
- 60 टक्क्यांहून जास्त: नोंदणी रद्द

श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत. प्राध्यापकांच्या लेखनात 40 टक्क्यांहून जास्त साम्य आढळलं, तर लेख मागे घ्यावा लागतो, वेतनवाढ थांबते आणि 2 ते 3 वर्षं नवे संशोधक विद्यार्थी घेता येत नाहीत.

मग पळवाट कुठे आहे?

सॉफ्टवेअर मुख्यतः शब्द जुळवून पाहतं. इंग्रजी प्रबंधातला भाग मराठीत आणला, तर शब्दच बदलतात. दुसऱ्याकडून पैसे देऊन लिहून घेतलेला प्रबंध तर 'नवा'च असतो. आणि बनवलेले आकडे कुठूनच उचललेले नसतात, त्यामुळे ते जुळणार तरी कशाशी?

शोधनिबंधांचं काय?

पीएचडीसाठी किंवा प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी शोधनिबंध लागतात, म्हणून पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं फोफावली. 2018 मध्ये पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी विद्यापीठांनी यूजीसीच्या यादीत सुचवलेली 1,009 नियतकालिकं तपासली. त्यातली 88 टक्क्यांहून जास्त दर्जाच्या कसोटीवर टिकली नाहीत. त्याच वर्षी यूजीसीनं 4,305 नियतकालिकं यादीतून काढली.

पुढे 'केअर' नावाची नवी यादी आली. 2022 च्या नियमांत प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरची सक्ती गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये केअर यादीही बंद झाली. आता नियतकालिक पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आहे.

याचा आपल्याशी काय संबंध?

खव्याचा खर्च, दुधाचा भाव, ऊसतोड कुटुंबांचं स्थलांतर यावरचे प्रबंध उद्या योजनांचा आधार बनू शकतात. आकडे घरी बसून भरलेले असतील, तर योजनाही चुकीच्या माणसापर्यंत जाईल. शिवाय उन्हातान्हात गावोगाव फिरून माहिती गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदवीवरही लोक संशय घेतात. सगळ्यात मोठा अन्याय त्याच्यावर होतो.

काय करता येईल?

- मार्गदर्शकानं मूळ फॉर्म, क्षेत्रभेटीच्या नोंदी आणि मुलाखतींचं रेकॉर्डिंग मागावं. काही उत्तरदात्यांना फोन करून खात्री करावी.
- मुलाखत देणाऱ्यानं संशोधकाचं नाव, विभाग आणि माहिती कशासाठी हवी, हे विचारावं. त्याला तो हक्क आहे.
- 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध मोफत वाचता येतात. आपल्या तालुक्यावरचा प्रबंध शोधा, वाचा.
- चोरी आढळली तर शैक्षणिक क्षेत्रातली कोणतीही व्यक्ती पुराव्यासह विभागाच्या सचोटी समितीकडे तक्रार करू शकते.

4 टक्के हा आकडा एवढंच सांगतो की शब्द कुठून उचललेले दिसत नाहीत. माहिती खरी आहे का, हे ज्यांच्याबद्दल ती लिहिली आहे, तीच माणसं सांगू शकतात.