पिन बसली की झालं?

तारापूरच्या अणुवीज केंद्रातून 1969 पासून वीज निघते. बोईसरच्या उपकेंद्रात ती 220 किलोव्होल्टवर येते आणि टप्प्याटप्प्याने उतरत घरातल्या सॉकेटमध्ये 230 व्होल्टवर पोहोचते. त्यापुढचा शेवटचा टप्पा भिंतीला लटकलेल्या काळ्या अ‍ॅडॅप्टरचा. आधीचे सगळे टप्पे अभियंत्यांच्या नजरेखाली असतात. हा मात्र अंदाजावर सोडलेला.

पालघर असो की बोईसर, राउटरचा अ‍ॅडॅप्टर गेला की गिऱ्हाईक जुनी पिन दाखवून ‘अशीच द्या’ म्हणतं. पिन बसते, पैसे दिले जातात. पण 5.5 मिलिमीटरची तीच गोल पिन 5 व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरला असते, 9च्या असते आणि 12च्याही. 5 व्होल्टच्या यंत्रात 12 गेले, तर ते बहुधा जळतंच.

व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अ‍ॅम्पिअरचं तसं नाही. यंत्राला 1 अ‍ॅम्पिअर लागत असेल तर 2चा अ‍ॅडॅप्टर खुशाल लावावा. यंत्र लागेल तेवढाच प्रवाह ओढतं. अर्ध्या अ‍ॅम्पिअरचा लावला तर अ‍ॅडॅप्टर तापतो, राउटर अधूनमधून आपोआप बंद-चालू होतो आणि बोल लावला जातो इंटरनेटवाल्याला.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते एका छोट्या खुणेकडे. लेबलावर मधोमध ठिपका, भोवती तुटकं वर्तुळ आणि दोन बाजूंना अधिक-उणे. ठिपक्याला जोडलेलं चिन्ह पिनीच्या आतल्या भागाचं. राउटरच्या पिनीत आत बहुधा अधिक असतं, तर कॅसिओच्या जुन्या 9 व्होल्टच्या कीबोर्डांना आत उणे लागतं. भजनी मंडळाच्या कीबोर्डला घरातल्या राउटरचा अ‍ॅडॅप्टर जोडणं म्हणूनच धोक्याचं, व्होल्ट जुळले तरीही.

राउटरसारख्या उपकरणांच्या अ‍ॅडॅप्टरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. ब्युरोच्या चिन्हासोबत ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. क्रमांकच नसेल, तर स्वस्तातला माल परत करावा.

तरीही सगळा भार गिऱ्हाइकावर टाकणं अन्यायाचं आहे. अ‍ॅडॅप्टर हरवतो, यंत्र राहतं. म्हणून व्होल्ट, अ‍ॅम्पिअर आणि अधिक-उणेची खूण यंत्राच्या भोकाशेजारीच ठळक छापण्याची सक्ती उत्पादकांवर हवी. दुकानदारानेही काउंटरवर मल्टिमीटर ठेवावा आणि अ‍ॅडॅप्टर गिऱ्हाइकासमोर मोजून द्यावा. त्याला मिनिटसुद्धा लागत नाही.