प्रसूती रजा पगारपत्रकापाशीच थांबते

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की आपल्या कळमनुरी तालुक्यातल्या कितीतरी शाळांत पटावर नावं असतात, पण पोरं नसतात. आई-वडील ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीला गेलेले. मग आपण शिक्षक हंगामी वसतिगृहाच्या मागे लागतो. पालकांना सांगतो, लेकरू ठेवून जा, जेवणाची सोय आहे. मुलगा असला तर पुष्कळदा ठेवतात. तिसरी-चौथीतली मुलगी असली की आई म्हणते, "मॅडम, हिला ठेवलं तर बारक्याला कोण बघल?"

याचं उत्तर आपल्याकडे नाही. वसतिगृहात शाळेच्या वयाचं मूल बसतं, सहा महिन्यांचं बाळ बसत नाही. ते आईबरोबर फडावर जातं आणि त्याला सांभाळायला आपली विद्यार्थिनी जाते. आपण तिला "अनियमित" लिहितो. खरं तर ही गैरहजेरी मुलीची नाही, आईला न मिळालेल्या रजेची आहे.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाची उचल दोघांच्या नावावर एकत्रच. एक दिवस काम बुडालं की खाडा पडतो आणि तो पैसा उचलीत अंगावर चढतो. म्हणजे बाळंतपणात बाईला रजा तर नाहीच, उलट दंड आहे. त्यामुळे दिवस भरत आले तरी ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची, बाळंत झाली की थोड्याच दिवसांत परत फडात. राहायला कोपी, तिथे ना संडास ना न्हाणी. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही.

याचा शेवट कुठे होतो ते 2019 साली बीडमध्ये दिसलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. बातम्या आल्या, चर्चा झाली, चार दिवसांनी विषय मागे पडला. आपल्याकडच्या बायकाही तेच काम करतात, तसल्याच कोपीत राहतात.

आता आपलं बघा. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला 180 दिवसांची पगारी प्रसूती रजा आहे. 2018 पासून वेगळी 180 दिवसांची बालसंगोपन रजाही मिळाली. (द्विशिक्षकी शाळेत एक बाई रजेवर गेली की दुसऱ्यावर चारही वर्ग येतात. पण त्याबद्दल रजेवर गेलेल्या बाईला टोमणे मारण्यापेक्षा बदली शिक्षक मागावा.) खाजगी नोकरीतल्या बाईसाठी 1961 चा कायदा आला. 2017 मध्ये त्याची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली, आणि 50 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. त्या कायद्यात मळ्यातल्या बाईचाही उल्लेख होता, पण मळा म्हणजे चहा, कॉफी, रबर वगैरे. उसाचा फड त्यात नव्हता. कारखाना म्हणतो ती आमची कामगार नाही. मुकादम म्हणतो मी फक्त उचल दिली. पगारपत्रक नाही, म्हणून मालक नाही, म्हणून रजा नाही.

मुंबई विधिमंडळात 1928 साली गिरणी-कारखान्यातल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, ही त्यांची भूमिका होती. पुढे संविधानाच्या कलम 42 मध्ये प्रसूती साहाय्य आलंच. तो कायदा 1929 मध्ये झाला. इतक्या वर्षांत तो फडापर्यंत पोचला नाही.

कुणी म्हणेल, मातृवंदना योजनेचे पैसे मिळतात की. मिळतात, पहिल्या बाळाला 5 हजार, दुसरी मुलगी झाली तर 6 हजार. चांगलंच आहे. पण त्यासाठी नोंदणी, तपासण्या, लसी वेळेवर लागतात. नोंद इथल्या अंगणवाडीत आणि बाई सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात. शिवाय ही मदत आहे, बुडालेली मजुरी नव्हे.

पैसा नाही असं मात्र म्हणता येत नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये आणि तेवढेच सरकारचे, असं ठरलेलं आहे. त्यातून बाळंतिणीला निदान 12 आठवड्यांची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात द्यावी. त्या काळात खाडा लावणाऱ्या मुकादमाशी कारखान्याने करार करू नये. आणि कोप्यांजवळ पाळणाघर हवं. टोळीतल्याच एखाद्या वयस्क बाईला त्याचा पगार द्यावा, म्हणजे नऊ वर्षांच्या पोरीला फुकटची आया व्हावं लागणार नाही.

आपल्या हातात एवढं आहे. दसऱ्याच्या आधी आपण स्थलांतर होणाऱ्या मुलांची यादी करतो. नाव, वय, इयत्ता लिहितो. यंदा आशाताई आणि अंगणवाडीताईंना बरोबर घेऊन त्यात आणखी एक रकाना आखूया: घरात गरोदर बाई किंवा दोन वर्षांच्या आतलं बाळ आहे का? ती यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांबरोबर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडेही द्यायची, आणि पोच घ्यायला विसरायचं नाही.