प्रेमकथेतले वस्त्र: शोभा की सहवास?

शृंगाराची उद्दीपने मोजताना ऋतू, चांदणे, माळा, उटी यांच्या पंगतीत वेशभूषाही बसवली जाते. त्यातून एक समज रूढ झाला: प्रेमकथेत वस्त्र शोभेपुरते, नायिकेचे रूप खुलवले की त्याचे काम संपले. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’पुढे हा समज एक अंकही टिकत नाही.

पहिल्या अंकात, अंधारात, नायक चारुदत्त नायिका वसंतसेनेला दासी रदनिका समजतो आणि आपल्या गारठलेल्या मुलाला, रोहसेनाला, पांघरायला म्हणून आपला शेला तिच्याकडे टाकतो. शेल्याला जाईच्या फुलांचा वास आहे. त्यावरून ती ताडते की दारिद्र्य आले तरी या माणसाचे मन तारुण्याला विटलेले नाही. दिवाच नाही, तिथे शोभेचा प्रश्न येतोच कुठे? चूक कळल्यावर चारुदत्त हळहळतो, तेही आपल्या वस्त्राचा परस्त्रीला स्पर्श झाला म्हणून. वस्त्राचा स्पर्श हा अंगाचाच स्पर्श, असे तो स्वतः धरून चालतो.

दुसऱ्या अंकात तर प्रियकर समोरही नाही. मत्त हत्तीच्या तावडीतून एका संन्याशाला सोडवणाऱ्या कर्णपूरकाला, वसंतसेनेच्या सेवकाला, कोणीतरी शेला बक्षीस दिला आहे. देणाऱ्याच्या अंगावर दागिना उरलेला नव्हता. शेल्याला जाईचा वास येतो का, असे वसंतसेना विचारते. हत्तीच्या मदाच्या दर्पापुढे कर्णपूरकाला काही कळत नाही. मग ती शेल्यावरचे चारुदत्ताचे नाव वाचते आणि तो अंगाभोवती लपेटून घेते. दोघांमधले अंतर इथे ज्या वेगाने मिटते, तो वेग पानभर संवादांनीही साधला नसता.

वस्त्र अशी प्रेमाची खूण ठरते खरे, पण खूण म्हणून अंगठीही चालते, ‘शाकुंतला’त तीच आहे, असा एक आक्षेप. मात्र ती अंगठी विस्मरण झालेल्या राजासाठी पुरावा आहे. ओढीची खूण त्याआधीच, वल्कलातून मिळालेली असते: फांदीत न अडकलेले वल्कल सोडवण्याच्या मिषाने शकुंतला मागे वळून रेंगाळते आणि दुष्यंत ते विदूषकाला मोठ्या आनंदाने सांगतो.

वस्त्र खोटेही बोलते, ‘ऑथेल्लो’तला रुमाल पाहा, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार. मात्र तो उलट्या बाजूचाच साक्षीदार ठरतो. रुमाल हातचा जाणे म्हणजे प्रेम हातचे जाणे, असे ऑथेल्लो मनापासून मानतो, म्हणूनच कपटी इयागोचा डाव साधतो. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘संगीत मृच्छकटिक’ लिहिले आणि ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ही रचले, वस्त्राची ही दोन्ही रूपे मराठी रंगभूमीला एकाच नाटककाराकडून मिळाली.